एफी आत्याची उजवीकडे ओढणारी गाडी

आमच्या रस्त्यावर दार वाजवून घरात शिरणारा माणूस एकतर पोलीस असतो, नाहीतर कुठल्यातरी पंथाचा प्रचारक. बाकी सगळे मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात येतात, बूट काढतात आणि खुर्ची ओढून बसतात. कोण आलं ते विचारायची वेळच येत नाही, कारण गाडी लांबूनच ओळखू येते. सँडीच्या ट्रकचा सायलेन्सर फुटलेला, फादरांच्या गाडीचा पट्टा किंचाळणारा, माझ्या गाडीचं मागचं दार नीट लागत नाही म्हणून बडबडणारं. पण एफी आत्याच्या गाडीची सर कुणालाच नव्हती. ओढ्यावरच्या लाकडी पुलावर ती चढली की ढब-ढब, ढब-ढब सुरू व्हायचं आणि पलीकडे उतरताना पोटातून आल्यासारखा एकच ढाम. तो ढाम ऐकला की शेजारची जेसी चुलीवर किटली ठेवायची. पाणी उकळायला आणि आत्या दारात उगवायला गाठ पडायची.

ती माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या आमच्या कोपऱ्यात नावांचा एवढा दुष्काळ आहे की बापाचं आणि आज्याचं नाव जोडल्याशिवाय कोण कुणाचं ते कळत नाही, म्हणून ती एफी डॅन रोरी. अख्खा रस्ता मात्र तिला आत्याच म्हणतो, तिच्याहून वयानं मोठा असलेला हेक्टरसुद्धा. हेक्टरला याची लाज वाटत नाही. त्याला कशाचीच वाटत नाही, पण ते पुढे येईल.

आमचे नील आतोबा होते तोवर आत्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. बायकांना दिशांचं भान नसतं, असं आतोबांचं ठाम मत. हे मत त्यांनी एकदा धक्क्यावरून गाडीसकट खाडीत गेल्यावरही बदललं नाही; त्या दिवशी धुकं होतं, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. ते गेले, दिवसकार्य झालं, लोकांनी आणलेली कॅसरोलची भांडी आत्यानं धुऊन ज्याची त्याला परत केली आणि दुसऱ्याच आठवड्यात आतोबांची होडीएवढी गाडी विकून टाकली. मग चर्चच्या पटांगणात माझ्या भावाला शेजारी बसवून ती गाडी चालवायला शिकली. तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. परवाना हातात आला त्या दिवशी ती एकटीच बेटाच्या पार उत्तर टोकाला जाऊन आली. तिथे काय केलंस विचारलं तर म्हणाली, "काही नाही. गाडी वळवली आणि परत आले."

ही लाल गाडी तिची दुसरी. घेतली तेव्हा नवीकोरी होती, आणि आता तिला वीस वर्षं होऊन गेली होती. गाडी लहानच हवी, असा आत्याचा आग्रह. "मोठ्या गाडीत बसलं की माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं," ती म्हणायची, आणि म्हणताना आतोबांच्या फोटोकडे बघायची.

आमच्याकडे बस नाही. सगळ्यांत जवळचा दवाखाना गाठायलाही खाडीला वळसा घालावा लागतो. त्यामुळे आत्याची गाडी हीच आमची बस होती आणि तिचं वेळापत्रकही ठरलेलं होतं. सोमवारी हेक्टरची रक्ततपासणी. बुधवारी जेसीला घेऊन गावच्या हॉलवर पत्त्यांचा डाव. शुक्रवारी सामानसुमान, शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये मिसा. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, म्हणजे दिवसाउजेडी माझा कुणाला उपयोग नाही. सँडीचा ट्रक कायम मासळीच्या पाण्याचा वास मारणारा, त्यात बसून चर्चला कोण जाईल? जेसी कधी चालवायला शिकलीच नाही. आणि थोरला हेक्टर साडेसहा फुटी, गुडघ्यातून गेलेला. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून तो आत्याच्या उजवीकडे, पुढच्या सीटवर घडी घालून बसायचा. बसला की गाडीची उजवी बाजू खाली आणि डावी वर. उजवीकडची स्प्रिंग त्यानंच मोडली, असं मी आजही म्हणते.

गाडी उजवीकडे ओढू लागली ती हिवाळ्यात. आधी सँडीची टपालपेटी गेली. रस्त्याकडेला खांबावर उभी असलेली, इतक्या वर्षांत कुणाला नडली नव्हती. आत्या स्वतः जाऊन सांगून आली, "सँडी, मेली गाडी उजवीकडे खेचते बघ." सँडी म्हणाला, "होतं असं, आत्या. पेटी तशीही जुनीच होती." त्यानं नवी बसवली, खांबाला बुडाशी सिमेंट भरलं. मार्चमध्ये तीही गेली, सिमेंटसकट. मग माझ्या फाटकाचा खांब. मग धक्क्यापाशी रचून ठेवलेले शेवंडीचे पिंजरे, निदान वरची रांग. गाडीचा उजवा आरसा तर असा लोंबायला लागला की जेसीनं तो निळ्या चिकटपट्टीनं बांधून दिला.

प्रत्येक वेळी आत्या एकच सांगायची, गाडी ओढते. आणि प्रत्येक वेळी आम्ही माना डोलवायचो. यात आमचा खोटेपणा होता असं नाही. गाडी खरंच ओढत होती. मी एकदा चालवून पाहिली होती. ब्रेक दाबला की तोंड उजवीकडे, खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग हातात थरथरायचं. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ गाडी खातं आणि वसंतात फुगून फुटलेला रस्ता उरलेली खातो. वीस वर्षं असं चाललं तर लोखंडाचंही डोकं फिरणारच.

पण आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. माणूस समोर असला की त्याचं सगळं बरं असतं. तो गेला की स्वयंपाकघरं कशासाठी आहेत? त्यामुळे माना डोलवून झाल्यावर, आत्याची गाडी पुलापलीकडे गेली की मग चहा पुन्हा ओतला जायचा आणि खरी चर्चा सुरू व्हायची.

आत्याचा मुलगा कॉलिन. तिकडे पश्चिमेला तेलाच्या कामावर असतो, दर रविवारी फोन करतो. टपालपेट्यांची बातमी त्याच्यापर्यंत कुणी पोचवली मला माहीत नाही. मला माहीत आहे, हेक्टरनं पोचवली. एप्रिलच्या शेवटी कॉलिननं आईला सरळ सांगितलं, "तुझ्या गाडीचं तपासणीचं स्टिकर मे महिन्यात संपतंय. गाडी नापास झाली तर दुसरी घ्यायची नाही. गाडी चालवणं बंद, आणि घर आवरून तू माझ्याकडे यायचंस."

"आणि पास झाली तर?" आत्यानं विचारलं.

"ती पास होत नाही, आई."

"पण झाली तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"शब्द दे."

कॉलिननं शब्द दिला. आत्यानं फोन ठेवला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "विल्फ कुठे आहे?"

विल्फ पोआरिए बेटावरच्याच शेटिकँप गावाकडचा फ्रेंच माणूस, बायको आमच्या रस्त्याची म्हणून इथे येऊन राहिलेला. घरामागच्या जुन्या गोठ्यात त्याचं गॅरेज. तपासणीचा परवाना त्याच्याकडे आहे आणि त्या बाबतीत तो पक्का कडवा आहे. सख्ख्या सासऱ्याच्या ट्रकला त्यानं दोनदा नापास केलंय. आत्याची गाडी त्यानं लिफ्टवर चढवली, तेव्हा आत्या आणि मी खाली उभ्या राहून वर बघत होतो. तिच्या गाडीचं पोट मी पहिल्यांदाच पाहिलं. बघवत नव्हतं.

विल्फनं एक लांब पहार घेतली, चाकाच्या आतल्या बाजूला खुपसली आणि दाबली. चाक खालून हललं. "हा बॉल जॉइंट," तो म्हणाला. "याचं काम चाक धरून ठेवायचं. यानं राजीनामा दिलाय."

"आणि तो?"

"तो लोअर आर्मचा बुश. रबर होतं इथे." त्यानं बोट घातलं तर काळी भुकटी पडली. "ही लिंक रॉड, हिच्यातच तुझं ते ढब-ढब. आणि ही स्प्रिंग बघ, खालचा वेढा तुटून पडलाय. त्याचा तुकडा कुठेतरी पुलावर असेल."

"हेक्टर," मी म्हटलं.

"शॉकअप दोन्ही गळताहेत. आत्या, खरं सांगू का? ही गाडी गंजानं धरून ठेवलीय. गंज काढला तर काय उरेल सांगता येत नाही."

"मग गंज राहू दे," आत्या म्हणाली. "बाकीचं बदल."

विल्फ गाडीभोवती एक चक्कर मारून आला. उजव्या बाजूला पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत ओरखडे, पोचे, आणि तो निळ्या चिकटपट्टीचा आरसा. डाव्या बाजूला एक चरासुद्धा नाही. तो थोडा वेळ उजव्या बाजूपाशी उभा राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि तो मान खाली घालून पाने शोधू लागला. फ्रेंच असला तरी आमच्यात राहून आमच्यासारखाच झालाय.

बोल्ट निघता निघेनात. विल्फनं तेल पाजलं, हातोडे घातले, शेवटी गॅसच्या ज्योतीनं लाल केले, आणि शिव्या घालताना त्याच्या भाषेतले सगळे संत एकेक करून खाली उतरवले. एक बोल्ट डोक्यापाशी तुटला तेव्हा तो गोठ्याबाहेर जाऊन कोंबड्यांशी बोलत बसला. आत्या रोज काकवीची बिस्किटं घेऊन जायची आणि एका उलट्या बादलीवर बसून राहायची. तिला बघून विल्फला काम सोडून उठता यायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

निघालेला पहिला बॉल जॉइंट तिनं मागून घेतला. पेट्रोलमध्ये धुतला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. शनिवारी मिसा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर ती तो बाहेर काढून एकेकाला दाखवत होती. "बघा, किती हलतो. बघा ना, हातात घेऊन बघा. सँडीच्या पेट्या यानं पाडल्या." लोक हातात घ्यायचे, हलवायचे, अरे बापरे म्हणायचे. फादरांनीही हलवून पाहिला. तो इतका सैल होता की ते बघून कुणाचीही खात्री पटली असती. माझीही जवळजवळ पटली.

महिनाअखेरीच्या गुरुवारी गाडी मिळणार होती. त्याच दुपारी, माझं शाळेचं काम संपल्यावर, आम्ही जेसीच्या स्वयंपाकघरात जमलो. कॉलिननं हेक्टरला पुन्हा फोन केला होता. गाडी पास होणार हे त्याला कळलं होतं आणि दिलेला शब्द त्याला बोचत होता. "तो म्हणतो, तुम्ही रोज बघता तिला," हेक्टर म्हणाला. "आपल्यापैकी कुणीतरी तिच्याशी बोलावं."

"तू बोल," जेसी म्हणाली. "तू वयानं मोठा आहेस."

"मी तिला आत्या म्हणतो. आत्याला कसं सांगणार?"

"मार्जरी सांगेल," जेसी म्हणाली. मार्जरी म्हणजे मी. "रक्ताचं नातं आहे."

"रक्ताचं आहे म्हणूनच नाही सांगणार," मी म्हटलं.

हेक्टरनं टेबलावर बोटं वाजवली. "हे बघा, गाडीचं निमित्त होतं ते आता गेलं. मी तिच्या शेजारी बसतो, मला दिसतं. उजवीकडून काही आलं तर तिला पत्ता नसतो. मीच ओरडतो, आत्या, आत्या, आणि ती म्हणते, ओढते रे गाडी. हे थांबायला हवं." मग त्यानं गुडघा चोळला. "सोमवार सोडून."

"सोमवार सोडून म्हणजे?"

"सोमवारी रस्त्यावर गर्दी नसते."

"तुझं रक्त काढायचं असतं सोमवारी," मी म्हटलं.

"बुधवारीही तशी नसतेच गर्दी," जेसी हळूच म्हणाली. "आणि हॉलचा रस्ता सरळ आहे."

"जेसी, गाडी विल्फकडे जायच्या आधीच्या बुधवारी ती हॉलच्या पायरीवर चढली."

"एकच चाक."

ती येईल, ऐकेल, अशी भीती कुणालाच नव्हती. गाडी आज हातात पडली की ती दाखवायला येणार हे तर ठरलेलंच होतं. पण येईल तेव्हा पुलावर ढब-ढब होईल, मग ढाम होईल, जेसी किटली ठेवेल आणि आम्ही हवापाण्यावर बोलायला लागू. सस्पेन्शन दुरुस्त झालं की आवाज जाणार, ही एवढी साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. तिघांनीही तो बॉल जॉइंट हातात घेऊन हलवला होता, तरी. तो आवाज आम्ही गाडीचा मानलाच नव्हता, तो आत्याचा होता.

"मला काय वाटतं," हेक्टर म्हणाला, "आंधळ्या बाईच्या शेजारी मी आणखी किती..."

"किटली नाही ठेवलीस, जेसी?"

आत्या दारात उभी होती, पायात मोजे, हातात बूट. ती किती वेळ तिथे होती देव जाणे. हेक्टरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. जेसी एवढ्या घाईनं उठली की खुर्ची पडली, आणि तिनं किटली रिकामीच चुलीवर ठेवली.

आत्यानं बूट खाली ठेवले. चेहऱ्यावर राग नव्हता. तिचा चेहरा मी कधी इतका नीटनेटका पाहिला नव्हता. "स्टिकर लागलं," ती म्हणाली. "विल्फनं चाकांना दोऱ्या बांधून सरळ केली, खाडीकाठच्या सपाटीवर नेली आणि स्टिअरिंग सोडून दिलं. पार चर्चपर्यंत सरळ गेली. मी शेजारी बसून पाहिलं. चला."

"कुठे?" जेसीनं विचारलं.

"फिरायला. तुम्हाला शंका आहे ना? मग बसा गाडीत आणि तोंडावर सांगा."

नाही कोण म्हणणार? हेक्टर पुढे घडी घालून बसला, जेसी आणि मी मागे. गाडी निघाली आणि मला वाटलं, अजून सुरूच झाली नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी ती फाटकातून बाहेर पडली. पूल आला, गेला. ना ढब, ना ढाम. आपण पूल ओलांडला हे जेसीला मागे वळून बघावं लागलं.

"छान आहे," हेक्टर म्हणाला.

"अगदी छान," जेसी म्हणाली.

"विल्फचा हात चांगला आहे," मी म्हटलं.

आत्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, पहिल्यांदा परवान्याची परीक्षा देताना बसली असेल तशी. गाडी रस्त्याच्या मधोमध, सुतात चालली होती. डावीकडे खाडी लखलखत होती, उजवीकडे रानात नवी पालवी. मी मनात म्हटलं, गाडीच होती तर. खरंच गाडीच होती. आणि मला एवढं बरं वाटलं की हेक्टरच्या टकलावर टपली मारावीशी वाटली.

सँडीच्या घराच्या वळणावर सँडी उजव्या कडेनं ढकलगाडी घेऊन चालला होता. ढकलगाडीत सिमेंटची पिशवी आणि नवा खांब. तो मला शंभर पावलांवरून दिसत होता. हेक्टरलाही दिसत असणार, कारण त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. आत्यानं वळण घेतलं आणि गाडी आपली हळूहळू, अगदी शांतपणे, उजवीकडे सरकायला लागली. कुणी ओढत नव्हतं तिला. आत्याच नेत होती.

मी पुढची सीट घट्ट धरली. सँडीला मागून काही ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटच्या क्षणी त्यानं मागे पाहिलं आणि ढकलगाडी सोडून चराकडे उडी टाकली. ढकलगाडीला चाटून गाडी पुढे गेली, आणि आरसा निळ्या चिकटपट्टीसकट गळून पडला.

आत्यानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, एकदम सरळ थांबली. तिनं इंजिन बंद केलं.

"हेक्टर," ती समोर बघतच म्हणाली, "उजवीकडे काय होतं?"

हेक्टर, जो पाच मिनिटांपूर्वी जेसीच्या टेबलावर बोटं वाजवत होता, तो म्हणाला, "काही नाही, आत्या."

"जेसी?"

"फांदी असेल."

"मार्जरी?"

मी आयुष्यात कुणाला एवढं घाबरले नव्हते. "मी खाडीकडे बघत होते," मी म्हटलं.

तेवढ्यात सँडी चरातून वर आला. कमरेपर्यंत चिखल, कानात गवत. आत्यानं आपल्या बाजूची काच खाली केली. तो वाकला, तिचा चेहरा पाहिला, आणि जे काय बोलायला आला होता ते त्यानं गिळलं. मला ते गिळताना दिसलं.

"सँडी, चरात काय करत होतास?"

"जरा बसावंसं वाटलं, आत्या."

"पाण्यात?"

"उन्हाचा ताप आहे ना."

दहा अंशांवर पारा होता. सँडीचे दात वाजत होते. आत्या त्याच्याकडे बघत राहिली, मग हेक्टरकडे वळली, मग आरशातून आम्हा दोघींकडे. कुणीच तिच्या नजरेला नजर दिली नाही. मग तिनं डावा हात उचलला आणि तळव्यानं डावा डोळा झाकला. तशीच, झाकलेल्या डोळ्यानं, ती हेक्टर बसला होता तिकडे बघत राहिली. साडेसहा फुटी माणूस, हातभर अंतरावर.

"हल जरा," ती म्हणाली.

हेक्टरनं हात हलवला.

"हललास का?"

हेक्टरच्या डोळ्यांना धार लागली होती.

आत्यानं हात खाली घेतला. "शरद ऋतूपासून आहे," ती म्हणाली. "आधी कडेनं गेलं, मग आत आत. मला गाडीच असायला हवी होती रे. तो बॉल जॉइंट निघाला ना, इतका सैल, तेव्हा मी विल्फच्या त्या बादलीवर बसून देवाचे आभार मानले." ती थोडी हसली. "गाडी एकदम सरळ चालते. काम चोख केलंय त्यानं."

मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो थोडा वेळ राहू दिला, मग झटकला.

"आणि तुम्ही," ती म्हणाली, "तिथे स्वयंपाकघरात वाघ होता सगळे. तुमच्या भरवशावर राहिले असते तर सँडीला पुरून आले असते, आणि हा तिरडीवरून म्हणाला असता, जरा आडवं व्हावंसं वाटलं."

सँडी चिखलातच हसायला लागला. मग जेसी. मग हसण्याचं काय झालं कळलं नाही, पण जेसीनं पर्समधून काढलेला रुमाल आम्ही आळीपाळीनं वापरला.

आत्यानं किल्ली काढली, दार उघडलं आणि गाडीतून उतरली. सँडीच्या घरात शिरली, अर्थातच न वाजवता, आणि त्याच्या भिंतीवरच्या फोनवरून कॉलिनला फोन लावला. आम्ही सगळे तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात घुसलो आणि ऐकू येत नसल्यासारखे उभे राहिलो.

"कॉलिन? मी. गाडी पास झाली." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "हो, स्टिकरसकट. तू शब्द दिला होतास, आठवतंय ना? हां. तर तो तुला परत करते. गाडी पास झाली, मी नाही झाले."

पलीकडून तो हळू आवाजात काहीतरी विचारत असावा.

"नाही, मी नाही रडत," आत्या म्हणाली. "हेक्टर रडतोय. त्याचा सोमवार गेला ना." ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि मोकळ्या हातानं सँडीच्या भिंतीचा आधार घेतला होता. "आणि ऐक. घर आवरायचं नाही. चालवणं बंद असं मी म्हणाले, येते असं नाही म्हणाले. गाडी इतक्या वर्षांनी धड झालीय, ती इथे उभी ठेवून तिकडे येऊन काय करू? जेसी शिकतेय चालवायला."

जेसी मान जोरजोरात हलवत नाही, नाही म्हणत होती. आत्याला ते दिसलं नाही. जेसी तिच्या उजवीकडे उभी होती.

"हो, उद्यापासून," आत्या फोनवर म्हणाली. "मी शिकवणार आहे तिला."